छोट्या कॅशेचा पळापळ करणारा प्रोसेसर

मित्रांनो, बिस्किटापेक्षाही लहान अंगाचा, आता थंड पडलेला मी एक जुना प्रोसेसर आहे. कॉम्प्युटरची सारी आकडेमोड माझ्याच डोक्यात चालायची. अजूनही जरा खुट्ट झालं की वाटतं, काम आलं. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

दुष्काळाच्या साली सावनीने मला बजाजनगरच्या घरी आणलं. दुकानात दोन कॉम्प्युटर होते. दुसऱ्यातला प्रोसेसर वेगाने जरा कमी, पण त्याची कॅशे मेमरी माझ्या चौपट. तिचा दीर अमेय म्हणाला, "वहिनी, वेगाचा आकडा बघायचा. बाकी सगळं दुकानदाराचं गुऱ्हाळ." मी फुशारलो.

कॅशे म्हणजे काय, ते सावनीच्या स्वयंपाकघरात कळायचं. नळ आठव्या दिवशी यायचा. पाणी गच्चीवरच्या टाकीत साठवलेलं, पण ओट्याजवळ कळशी भरून ठेवलेली. भांडंभर पाण्यासाठी दरवेळी गच्ची कोण चढणार? रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची मोठी मेमरी, ही माझी टाकी आणि कॅशे ही कळशी. माझी कळशी फारच लहान होती.

सावनी एका संस्थेसाठी गंगापूरकडच्या टँकरच्या फेऱ्यांची यादी करायची. कुठल्या वस्तीवर माणसं किती, जनावरं किती, शेवटचं पाणी कधी पोचलं. यादी सकाळी अकराच्या आत गेली तरच पाणी भरायच्या रांगेत टँकरचा नंबर टिकायचा. आठ महिन्यांची लेक मनस्विनी झोपली की ती घाईघाईने माझ्यापुढे बसायची.

चैत्रात वस्त्या वाढल्या, यादीच्या आकड्यांची शीट फुगली. तेच आकडे मला शंभरदा लागायचे आणि माझ्याजवळ ते मावायचे नाहीत. मग पळा रॅमकडे, थांबा, परत या, पुन्हा पळा. वेग होता, पण सगळा वाट बघण्यात जायचा. पंखा घरघरायचा, पडदा गोठायचा.

एके दिवशी साडेदहाला टँकरवाल्या कडूबाचा फोन आला. "ताई, झाली का यादी? इथं लई गाड्या लागल्यात."

"भाऊ, हा डबा नुसता गोल गोल फिरतोय."

"बैल धाडू का जुंपायला?"

ती हसली नाही. यादी सव्वाअकराला गेली, नंबर हुकला. संध्याकाळी वस्तीवरच्या बानाबाईचा फोन आला. तिची दीडशे मेंढरं तहानलेली होती. "लेकी, मानसं दम धरतील, मेंढरं नाय धरत. उद्या तरी येईल नव्हं?"

सावनीने तिची वस्ती उद्याच्या यादीत सगळ्यात वर लिहिली.

दुसऱ्या दिवशी मनस्विनीला दातांनी छळलं. दहा मिनिटांच्या वर तिचा डोळा लागेना. तेवढ्यात एक वस्ती तरी उरकू म्हणून सावनीने मोठी शीट मोडली आणि एकेका वस्तीची वेगळी केली. एक संपवायची, लेकीला थोपटायचं, दुसरी उघडायची. मित्रांनो, त्या छोट्या शीटा माझ्या कॅशेत अलगद मावल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी जागच्या जागी बसून काम केलं.

दहालाच यादी गेली. कडूबाने विचारलं, "नवा डबा घेतला व्हय, ताई?"

"नाही भाऊ, पोरगी झोपेना."

दुपारी बानाबाईचा फोन आला. तिने फोन हौदाशी धरला, आणि सावनी कितीतरी वेळ मेंढरांचं पिणं ऐकत राहिली.

मित्रांनो, कॉम्प्युटर घेताना काम आधी सांगा. पत्रं लिहायला, सिनेमा बघायला लहान कॅशेही पुरते. पण तेच आकडे हजारदा लागणार असतील, तर वेगाच्या जोडीने कॅशेही विचारा. आणि माझ्यासारखा कुणी आधीच घरात असेल, तर त्याला मंद म्हणून टाकू नका. त्याला मावेल तेवढंच त्याच्या पुढ्यात वाढा.