आत्याच्या लुंगीचं फडकं

पेनिना मला हातोडीला फडकं गुंडाळून वाजवते. रोज. मित्रांनो, तुम्हीच सांगा, माझ्या वयाच्या बाईशी असं वागतात का? एके काळी माझा आवाज खाडीपलीकडच्या गावात जायचा आणि तिथल्या बायका आपल्याच गावच्या घंटेला नावं ठेवायच्या. आता ही मला तान्ह्या पोरासारखं थोपटते. ठण् नाही, ठणाण् नाही. नुसतं ढुम्.

मी एक जुनी घंटा आहे. पितळेची, नक्षीची वगैरे नव्हे. मुळात मी वेल्डिंगच्या गॅसची लोखंडी टाकी. आपिआ शहराच्या बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी दहा वर्षं राबले, कितीतरी फुटक्या बोटी माझ्या आगीने सांधल्या. मग तळ गंजला आणि मला भंगारात टाकलं. आमच्या गावचे पाद्री मला तिथून घेऊन आले. त्यांनी माझा तळ कापला, अंगाला लाल रंग दिला आणि चर्चसमोरच्या नीरफणसाच्या फांदीला टांगलं. समोर समुद्र, मागे डोंगर. याहून चांगलं सासर कुणाला मिळालं असेल?

शाळेत मी गेले नाही. मला तीनपर्यंतच मोजता येतं, पण त्या तिनावर सगळं गाव चालायचं. संध्याकाळी पहिली घंटा झाली की माणसं घरात. दुसरी झाली की घरोघरी प्रार्थना. आमच्या घरांना भिंती नाहीत, त्यामुळे कोण डुलक्या काढतंय ते मला झाडावरून दिसायचं. तिसरी झाली की प्रार्थना संपली, मग नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि गप्पा. आणि रविवारी सकाळी वाजले की सगळ्यांनी चर्चला यायचं.

मला वाजवायचं काम पेनिनाचं. चर्चशेजारच्या घरात ती आणि तिची आई लागी राहायच्या. पेनिना तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिच्यासारखा खणखणीत हात माझ्या उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाचा लागला नाही. मी तोंडावर कधी कुणाची स्तुती करत नाही, म्हणून हे तिला माहीत नव्हतं.

मग सप्टेंबरातली ती सकाळ आली. जमीन हलली आणि बराच वेळ हलतच राहिली. पेनिना बाहेर धावली. समुद्र मागे सरला होता, खडक उघडे पडले होते, त्यांवर मासे तडफडत होते. तिने हातोडी उचलली आणि मला बडवायला लागली. तीनदा नाही, न थांबता. मी जन्मात तशी ओरडले नव्हते.

लोक डोंगराकडे पळाले. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या काखेत डुक्कर. पण लागी गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे गेली होती आणि तिला एका कानाने ऐकू येत नव्हतं. माझ्या आवाजाचा तिला जन्मभर एकच अर्थ माहीत, चर्चला या. रविवार नसताना आडवारी कसली प्रार्थना काढली म्हणून कुरकुरत, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन ती माझ्याच दिशेने यायला लागली.

“आई, वर जा! डोंगराकडे!” पेनिना ओरडली.

लागीने हात हलवला. आले, आले. तिच्याआधी लाट आली.

पेनिना नीरफणसाला बिलगून वाचली. मी दोर तुटून वाहून गेले. आठवड्याने गावामागच्या दलदलीत सापडले, मला धुतलं, परत टांगलं. त्या संध्याकाळी चर्चचे कारभारी सोलोमोना यांनी मला वाजवलं. पेनिना केवड्याच्या पानांची चटई विणत होती. पहिला ठोका पडला आणि ती हातातल्या पानासकट अनवाणी डोंगराकडे पळत सुटली. वर सापडली तेव्हा माणसं ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पातेल्यावर पळी आपटली तरी ती दचकायची. समुद्राकडे पाठ करून बसायची नाही. आईचं नाव घ्यायची नाही.

गावच्या प्रमुखांनी बैठक घेतली. घंटा बंद, यापुढे शंख फुंकायचा. आणि त्या सकाळबद्दल पेनिनासमोर कुणी चकार शब्द काढायचा नाही. हे सगळं मायेपोटी, बरं का. पण ही माया तिला सांगायला कुणी गेलं नाही.

एके दिवशी तिने पाहिलं, माझी हातोडी काढून नेलेली आणि माझ्यावर कुणाची तरी लुंगी, आमच्याकडे बायकाही तीच नेसतात, वाळत घातलेली.  मग आपली चटई गुंडाळून डोंगरावरच्या अळूच्या मळ्यातल्या झोपडीत राहायला गेली. दोन वर्षं. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. मलाही वाटलं, मी गावाला नकोशी झाले.

यातून वाट काढली फेतुआओ आत्याने. पेनिनाच्या बापाची बहीण, चटया विणणाऱ्या बायकांची म्होरकी. तिने आपिआहून आलेल्या नर्सबाईला बायकांसमोर बसवून पेनिनाचं सगळं विचारलं.

“तिचं मन त्या सकाळपाशीच अडकलंय,” नर्सबाई म्हणाली. “त्याला वाटतं, लाट अजून येतेच आहे. हा आजार आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि यातून माणसं बाहेर येतात.”

आत्या दुखऱ्या गुडघ्यांनी डोंगर चढली आणि पेनिनाला हाताला धरून खाली घेऊन आली. माझ्यापासून वीस पावलांवर बायका विणत बसल्या होत्या, सोलोमोनाही तिथेच होते, त्यांच्यात तिला बसवलं.

“त्या घंटेकडे बघ एकदा,” आत्या म्हणाली.

“नाही बघवत. गावानं माझ्यामुळं तिला गप्प केलं. माझ्या हातानं आई गेली, सगळ्यांना माहीत आहे.”

आत्याचं विणणं थांबलं. “कोण म्हणालं असं?”

“कुणी काही म्हणतच नाही. दोन वर्षं कुणी एक शब्द बोललं नाही.”

“अगं वेडे, तुला त्रास नको म्हणून गप्प बसलो आम्ही. हा सोलोमोना तर तुझ्या झोपडीवरून जाताना खोकलासुद्धा दाबतो.”

“दाबतो,” सोलोमोना म्हणाले. “छाती भरून येते माझी.”

“आणि हाताचं म्हणशील तर ऐक. मी न्हात होते त्या सकाळी. तुझे ठोके ऐकले आणि ओल्या लुंगीवर पळत सुटले. अर्ध्या गावानं माझ्या मांड्या बघितल्या. आज मी जिवंत आहे आणि मला लाजही वाटते, दोन्ही तुझ्यामुळं.”

पेनिना हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग रडायला लागली. “आणि आई?”

कुणीही उगी उगी म्हणालं नाही. आत्या म्हणाली, “लागीला घंटेनं बोलावलं, ते खरंच आहे. पण घंटेचा तेवढाच अर्थ तिला शिकवला कुणी? आम्ही सगळ्यांनी. तू एकटीनं का घेतेस डोक्यावर?”

मित्रांनो, त्यात मीही होते. हाक माझी होती, हात फक्त तिचा.

त्यानंतर नर्सबाई दर पंधरा दिवसांनी यायची. आधी पेनिना माझ्याकडे लांबून बघत बसली. मग जवळ आली. मग माझ्यावर तळवा टेकला. तो घामाने ओला होता आणि मी उन्हाने तापलेली. मग बोटाने टकटक. मग सोलोमोनांनी हलकेच एक ठोका द्यायचा आणि तिने आत्याचा हात धरून समोर दिसेल ते मोठ्याने सांगायचं. आत्या. चटई. कोंबडी. लाट नाही. एकदा ट्रकचा टायर फुटला तशी ती पुन्हा तीन दिवस डोंगरावर जाऊन बसली. कुणी रागावलं नाही. आत्याने वर गरम कोको पाठवला.

मला पुन्हा वाजवायची वेळ आली तेव्हा आत्याने आपली एक जुनी लुंगी टराटरा फाडली. तीच, त्या सकाळची. “हे गुंडाळ हातोडीला. आवाज मऊ होईल.”

पेनिनाने प्रमुखांपुढे एक अट घातली. “तीन घंटा म्हणजे प्रार्थना आणि न थांबता वाजली म्हणजे डोंगर, हे पोरांना आणि म्हाताऱ्यांना शिकवायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दारात कुणीतरी जायचं.”

प्रमुखांनी मान खाली घालून होकार दिला.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती फडकं सोडते, आत्याचा हात धरते आणि मला कडाडून वाजवते. सगळं गाव सराव म्हणून हसत-धापा टाकत डोंगर चढतं. सोलोमोना कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून नेतात. मग पेनिना माझ्याखाली बसते, पाणी पिते आणि परत फडकं बांधते. काही संध्याकाळी तिला जमत नाही, मग दुसरं कुणी वाजवतं. पण ती आता चर्चशेजारच्या घरात राहते आणि आईचं नाव घेते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी साध्या आवाजाने दचकत असेल, तर त्याच्यासाठी नुसते गप्प राहू नका. जवळ बसा, विचारा. आणि माझा रंग पार उडालाय, तेवढं कुणीतरी बघा.

आज संध्याकाळी पेनिना आली. फडक्याची गाठ तपासली, श्वास घेतला आणि मला थोपटलं. ढुम्. मला बोलायला तेवढाच आवाज आहे, त्या आवाजात मी तिला म्हणाले, “पेनिना, फडकं असू दे. त्यात तुझे ठोके ऐकून पळालेली, वाचलेली एक बाई आहे, तिला धरून वाजवत जा. तुझ्या हातासारखा हात मला मिळाला नाही, आणि दुसरा मला नकोच.”