देव्हाऱ्यातले परदेशी नाणे

मित्रांनो, मी एक जुने, झिजलेले चांदीचे नाणे आहे. पण शिंदखेड्याजवळच्या या घरात मला कोणी नाणे म्हणत नाही. इथे मी देवी आहे.

माझा जन्म रोमचा. टाकसाळीत घणाचा घाव बसला आणि माझ्यावर तिथल्या राणीचा मुखडा उमटला. तिथे घरोघरी चुलीपाशी देव असत. मोठ्या पूजेत एक शब्द चुकला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. सगळे कसे शिस्तीत! मग इजिप्तहून आयसिस देवी आली. तिने स्वतःचा नवरा गमावला होता म्हणे, म्हणून दुखावलेल्या बायका तिच्याकडे धावल्या. राज्य करणाऱ्यांनी तिची देवळे पाडली, तरी बायका जातच राहिल्या. मला त्या बायकांचा फार राग यायचा.

पुढे व्यापाऱ्यांच्या गलबतातून मी इकडे आले आणि कितीतरी शतके मातीत पडून राहिले. या घरातल्या गुंताबाईच्या सासऱ्यांना शेत नांगरताना सापडले. मुखडा पाहून त्यांनी हात जोडले आणि मला थेट देव्हाऱ्यात नेले. मीही गप्प बसले. मान कोणाला नको असतो? चिंचेने घासणे, हळदकुंकू, श्रावणात कानबाईच्या सणाला गव्हाच्या जाड रोटांचा नैवेद्य. सात वर्षांपासून हे सारे गुंताबाईची सून हेमलता करत आली.

गेल्या वर्षी गावात सुरतेकडचा एक नवा पंथ आला. हेमलता तिथे जाऊ लागली. त्यांचा नियम कडक होता: घरातले जुने देव नदीत सोडायचे. काल तिने मला पिशवीत घातले, तशी गुंताबाईने पिशवी धरली.

"हाई देवी मना सासराना हातनी शे. तू तिले तापीमां टाकशी?"

"माय, मनी पोर जलमताच गयी. सुतक फिटनं अन् दुसराच दिन तुम्ही माले देव घासाले बसाडं. त्या पंथमां पहिलाच दिन माले इचारं, बाई, तुले काय दुख शे?"

गुंताबाईचा हात सुटला. ती तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "तू पोरले उचलेल व्हती ना? कोनासारखी दिखे व?"

हेमलता सांगू लागली आणि सांगता सांगता रडू लागली. पोर गेल्यापासूनच्या दोन वर्षांत या घरात पहिल्यांदाच.

मी अजून पिशवीतच आहे. तापीची भीती वाटते, खोटे कशाला बोलू? पण लाज त्याहून जास्त वाटते. मला घासताना तिचा हात एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायचा, आणि मी नुसती चकाकत राहायची. मित्रांनो, देव जुने ठेवा की नवे आणा, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण तुमच्या घरात कोणी मुकाट्याने काम करत असेल, तर आधी त्या माणसापाशी जाऊन बसा. आम्हा देवांना ते जमत नाही.