कुणाकडून कुणाला

रंगाऱ्याच्या मूत्राशयातली गाठ काढली, तेव्हा त्याच्या बायकोला रडू आलं नाही. ती डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाली, "मला मागे गर्भाशयाच्या तोंडाशी खराब पेशी निघाल्या होत्या. शरीरसंबंधातून लागणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे, म्हणाले होते. यांच्या गाठीतही तोच असेल?"

"काही गाठींत तो सापडलाय. पण त्यानेच हा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं नाही. यांनी जन्मभर उघड्या हातांनी कापडं रंगवली, वर सिगारेटी ओढल्या. ती कारणं मात्र पक्की."

तिने पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

नव्या नवरीच्या दिवसांत तो कोपरापर्यंत निळा होऊन यायचा. तिच्या पाठीवर त्याच्या बोटांचे निळे ठसे उठायचे, आणि जावा हसून हसून बेजार व्हायच्या. आता मात्र तिने स्वतःचा पेला, टॉवेल वेगळा केला आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. आपलं आणखी काही त्याला लागू नये म्हणून.

चार दिवस त्याने सोसलं. मग म्हणाला, "वास येतो का गं माझा?"

"काहीतरीच काय!"

"मग पाहुण्यासारखी बाहेर का निजतेस? किळस येत असेल तर तसं सांग. माहेरी जा खुशाल."

"या वयात माहेरी कोण उभं करतंय मला?" ती म्हणाली, आणि मग सगळं सांगून टाकलं. "तुमचं दुखणं माझ्याकडून आलं असेल."

तो उठून बसला.

"आणि तुझं कुठून आलं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने मनाच्या उंबऱ्याशीही येऊ दिला नव्हता. "तुमच्याशिवाय कोण होतं मला?"

"एक होती," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "लग्नाआधी. परगावच्या कारखान्यात होतो तेव्हा."

"नाव?"

"आठवत नाही."

"खोटं बोलताय."

"हो."

तिने राग येतो का, ते पाहिलं. आला नाही. दुःखही नाही. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. राहिलेली वाक्यं तिला आत्ता आठवत होती.

"मग?"

"मग काय? पाणी प्या. भरपूर प्यायला सांगितलंय."

त्याने पेला संपवला. तिने तो पुन्हा भरला, त्यातलाच घोटभर स्वतः प्यायली आणि अंथरूण आणायला बाहेर गेली.