हरणीला वास आला का

कोविड होऊन गेल्यापासून प्रफुल्ल मेश्रामला वास येत नव्हता. ताप गेला, खोकला गेला, वास मात्र परतला नाही. एकदा त्याने फ्रीजमधलं नासलेलं वरण अर्धं संपवलं, तेव्हा आसावरीने, त्याच्या बायकोने, पुढ्यातली वाटी ओढून घेतली. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाही येणार असंही होतं.

खाण्याचं त्याला एवढं काही नव्हतं. त्याला वेगळीच धास्ती बसली होती. आपल्या अंगाला वास येत असेल आणि आपल्याला कळत नसेल तर? शॉमबर्ग या उपनगरातल्या ऑफिसात तो मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायचा. सकाळ-संध्याकाळ अंघोळ करायचा. लिफ्टमध्ये कुणी नाकाला हात लावला की दिवसभर तेच डोक्यात. हळूहळू तो गेस्ट रूममध्ये झोपायला लागला, घोरण्याचं निमित्त सांगून. आसावरीने काहीच विचारलं नाही आणि त्याने त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला.

नोव्हेंबरात कबीरचा फोन आला. कबीर त्यांच्या जुन्या मित्रांचा मुलगा, इकडे परदेशातच जन्मलेला, फायर डिपार्टमेंटमध्ये कामाला. दर वर्षी हरणाच्या शिकारीला जायचा. या वेळी त्याचा खांदा दुखावला होता. क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायचा धनुष्यबाण, चालवता येत होता, पण हरीण पडलं तर ओढून ट्रकपर्यंत आणायला माणूस हवा होता. काका, याल का, असं त्याने विचारलं. आसावरीनेच परस्पर हो म्हटलं. घरात बसून बसून याचा चेहरा बदललाय, असं तिचं म्हणणं होतं.

प्रफुल्लला आधी नागपूरची आई आठवली. रोज बुद्धवंदना म्हणणारी, आणि पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहत्या न करण्याचं. पण घरी रविवारी मटण व्हायचं ते आईच करायची. मग नुसतं ओढायला मदत करणं यात मोडतं की नाही? त्याला ठरवता येईना.

त्यात कबीरच्या सूचना आल्या. बिनवासाचा साबण. तशाच डिटर्जंटमध्ये धुतलेले कपडे, बाहेर वाळवून प्लॅस्टिकच्या डब्यात बंद. आदल्या दिवशी घरात फोडणी नको. प्रफुल्लने सगळं केलं, पण वास गेला की नाही हे कळणार कसं? शेवटी तो जॅकेट घालून आसावरीसमोर उभा राहिला आणि तिला हुंगायला सांगितलं. तिने बाही हुंगली, कॉलर हुंगली, मग मान. बऱ्याच महिन्यांत ती इतकी जवळ आली नव्हती.

"नाही येत काही," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा पडलेला होता. का, ते त्याला कळलं नाही.

गलीना गावाजवळच्या टेकड्यांमध्ये ते उजाडायच्या आधीच पोचले. ओढ्याच्या वर, उतारावर एका ओकच्या झाडाला दोघांना बसता येईल असा मचाण बांधलेला होता. चढून बसल्यावर कबीरने खिशातून मिल्कवीडचं बोंड काढलं आणि त्यातला एक तंतू सोडला. नागपूरला लहानपणी रुईच्या बोंडातली म्हातारी उडवायचे तशीच ती दिसत होती. म्हातारी सावकाश उतारावरून खाली ओढ्याकडे गेली.

"दॅट्स अवर सेंट, काका," कबीर कुजबुजला. मग त्याने अर्ध्या मराठीत समजावलं. थंड हवा जड असते, पाण्यासारखी खाली वाहते, आपला वास सोबत नेते. ऊन आलं की हवा तापून वर चढते, वासही वर. कोरड्या कडक थंडीत वास फार टिकत नाही, दमट हवेत रेंगाळतो. आज वायव्येचा वारा आहे, हरणं वरच्या मक्याच्या शेतातून उतरतील, त्यांना आपला पत्ताच लागणार नाही.

प्रफुल्लने आणखी एक म्हातारी मागून घेतली आणि सोडली. आपला वास कुठे जातो हे त्याने पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. ते पाहून बरं वाटलं की वाईट, हेही त्याला समजेना.

पण अंदाजात नव्हतं ते आभाळ आलं. वारा पडला, बारीक भुरभुर सुरू झाली. कबीरची पुढची म्हातारी खाली जाता जाता थांबली, जागीच फिरली, थोडी वर आली, मग परत ओढ्याकडे वळली. कबीरने कपाळाला आठ्या घातल्या. अशा हवेत वास नेमका कुठे जातोय हे सांगता येत नाही, उतरू या का, असं तो विचारत होता, तेवढ्यात खाली पानं वाजली.

हरणी वरून नाही, ओढ्याकडूनच आली. नुकतीच म्हातारी गेली होती बरोबर तिथून. कबीरने हलकेच मान हलवली. आता वास लागेल, पाय आपटेल, फुरफुरेल आणि पळेल, असं त्याने प्रफुल्लच्या कानात सांगितलं.

ती पळाली नाही. मचाणाच्या जवळ जवळ येत राहिली. मग थांबली, मान वर केली आणि नाक थेट प्रफुल्लकडे धरलं. ओल्या नाकपुड्या हलताना त्याला दिसत होत्या. त्याने श्वास रोखला. ती बराच वेळ तशीच उभी होती. पुढचा एक पाय तिने उचलला, पण आपटला नाही, तसाच खाली ठेवला. मग दोन-चार ओकची फळं खाल्ली आणि झुडपांत निघून गेली.

क्रॉसबो कबीरच्या मांडीवरच होता.

"तू मारलं का नाहीस?" प्रफुल्लने विचारलं.

"आय वॉज शुअर ती पळणार," कबीर म्हणाला. "मी तेच बघत बसलो."

"तिला माझा वास आला की नाही?"

कबीर विचार करत राहिला. पावसाने वास खाली बसला असेल. किंवा मचाण उंच, वास तिच्या डोक्यावरून गेला असेल. किंवा आला असेल आणि तरी तिला काही वाटलं नसेल, पण तसं होत नाही. "आय डोन्ट नो, काका. रिअली."

परतताना गाडीत प्रफुल्लच्या डोक्यात तेच चालू होतं. वास आला नसेल तर आपण उगाच स्वतःला छळत होतो. आला असेल आणि ती पळाली नसेल, तरी उगाचच. पण एका हरणीवरून माणसांबद्दल काय ठरवायचं?

घरी आसावरी ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं आणि त्याच ओघात, थांबला असता तर जमलं नसतं म्हणून, विचारलं, "तुला माझा वास येतो का? खरं सांग."

"येतो," ती म्हणाली.

तो एक पाऊल मागे सरला.

"घाण नाही रे. तुझा. काल नव्हता आला तर मला कसंतरीच झालं. परकं माणूस उभं आहे असं वाटलं." मग कोथिंबिरीकडेच बघत ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला माझा वास येत नाही म्हणून तू तिकडे झोपायला गेलास. काही वाटेनासं झालं म्हणून."

असंही कुणाला वाटू शकेल हे प्रफुल्लच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"कसा येतो?" शेवटी त्याने विचारलं.

आसावरीने प्रयत्न केला. साबणासारखा नाही, घामासारखा नाही, मग थोडा... असं म्हणून ती अडली आणि हसली. सांगता येत नाही, म्हणाली. त्याने कोथिंबिरीची एक काडी उचलली, सवयीने नाकाशी नेली. काही आलं नाही. ती काडी हातात धरून तो तिथेच, तिच्या शेजारी, निवडायला लागला.