सोमनाथच्या भिंतीवरचे दहा खंड

आमच्या ह्यांना घासाघीस जमते, असं फक्त ह्यांनाच वाटतं. सासऱ्यांनी बाजारात शिकवलेला धडा आहे: वस्तू आवडली की तोंड वाकडं करायचं, एखादी खोड काढायची आणि चालू पडायचं. गरजवंत मागून हाक मारतोच म्हणे.

पानशेतला सोमनाथच्या हॉटेलात चहाला थांबलो, तर कोपऱ्यात जुन्या कथाकाव्यांचा दहा खंडांचा संच दिसला. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. पुण्याच्या कुणीतरी बंगला रिकामा करताना तो सोमनाथच्या गळ्यात मारला होता. मला तर आभाळ ठेंगणं झालं. माझ्या वडिलांनी, दादांनी, तरुणपणी भोरच्या वाचनालयातून हाच संच आणून वाचला होता. नववा खंड अर्धा झाला आणि पुढचं सगळं वाळवीनं खाल्लं. त्यातली सासरहून निघालेली सून माहेरी पोचली की नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही. आता ते नव्वदीला टेकलेत, डोळ्यांनी दिसत नाही. मी वाचून दाखवणार होते.

मी खंड छातीशी धरलेला बघून ह्यांनी डोळे वटारले आणि तो काढून घेतला.

"ह्यात वाचण्यासारखं काय आहे?" हे सोमनाथला म्हणाले. "पाठी तेवढ्या देखण्या आहेत. भिंतीला लावा, शोभा येईल."

आणि निघाले. सोमनाथनं हाक मारली नाही, तो भिंतीकडे बघत राहिला. वेल्ह्यापर्यंत मी गाडीत कडाकडा भांडले. आठवड्यात त्याचाच फोन येईल, हे ह्यांचं पालुपद. फोन काही आला नाही. मी मात्र दादांना सांगून बसले होते, आणि ते रोज विचारत होते, आणलास का गं?

पुढच्या रविवारी ह्यांना ओढतच नेलं. गल्ल्यामागच्या भिंतीवर दहाही खंड ओळीनं उभे. हुश्श झालं. मी नववा ओढला, निघेना. जोर लावला तर कापडाची नुसती पाठ हातात आली. आत काही नव्हतंच.

सोमनाथ गरम भजी घेऊन हसत आला. "सायेब, तुमी म्हनला तसंच केलं. लई लोक फोटू काढत्यात."

भज्यांखाली छापील पान होतं.

"आतली पानं कुठंयत?" मी रिकामी पाठ त्याच्यापुढं धरली.

"हीच की, ताई. जाड कागद, त्याल चांगलं पितो. ह्ये शेवटचं."

हे मान वर करायला तयार नव्हते. मी भजी टेबलावर उलटी केली, पान पदरात घेतलं आणि तिथंच रडले. चार माणसं बघत होती, बघू देत.

घरी दादा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, खुर्चीत वाट बघत बसलेले. ह्यांनी काय केलं ते सांगायला माझी जीभ उचलेना. पान नवव्या खंडातलंच निघालं. तेलातून दिसेल तेवढं पाठपोट वाचलं. सून नदीवर येते, पलीकडे माहेरचा दिवा दिसतो, ती नावाड्याला हाक मारते. पान संपलं.

दादांनी कानामागे हात धरला होता. चेहरा असा उजळलेला, की माझ्याच्यानं बघवेना.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "घे की पुढचं पान."