सातवा घाणा

वेंडेलने बाटलीचं बूच उचकटलं आणि पेला तिरका धरून बिअर ओतली. फेस बोटभर आला. तेवढं तरी जमलं. शेजारी घाण्यांच्या नोंदींची वही होती. टेबलाशी लोरेटा मफलर गुंडाळून बसली होती. तिच्या घशावरचे किरणोपचार संपून आठ महिने झाले होते.

*पहिला घाणा. हॉप्स दोन औंस, नेहमीसारखे. लोरेटा: कडू जहर.*

"असा काय बघतोस? परीक्षा माझी की तुझी?"

"माझीच. सहा वेळा नापास झालोय."

*तिसरा. हॉप्स एक औंस. गोडीसाठी माल्ट वाढवलं. कडू.*

तीस वर्षं बिअर तो करायचा आणि कडवटपणा ती जोखायची. ती याकिमात, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांच्या मळ्यातच वाढलेली. "चिमूटभर कमी," ती म्हणे, आणि तिचं बरोबर निघे. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबातले लोक त्याच्या हाताचं कौतुक करत. आता शनिवारी दोघांनी एकेक पेला प्यावा, एवढंच त्याला हवं होतं. तिला ती पिता येईपर्यंत आपणही चाखायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

*पाचवा. अर्धा औंस. सहावा. पाव. जरा बरी. पण कडू.*

"बर्फाचा खडा टाक रे. घसा पोळतोय."

त्याने फ्रीझर उघडला. बर्फाच्या मागे कापडाची एक छोटी पुरचुंडी होती. वर त्याच्याच अक्षरात: *सातवा. उकळी फुटताच.*

घाणा लावायच्या आदल्या दिवशी त्याने हॉप्स मोजून ठेवले होते. उकळी फुटली तेव्हा हॉस्पिटलचा फोन आला, तो बोलत राहिला, मग तासाने गॅस बंद केला. पुरचुंडी इथेच राहिली.

तो खडा घेऊन परतला तेव्हा तिने घोट घेतलेला होता. डोळे मिटून तिने तो गिळला.

"कडूच आहे रे. हॉप्स अजून थोडे कमी कर."

त्याने तिचाच पेला उचलून तोंडाला लावला. काकवी.

"करतो," तो म्हणाला. वही उघडली. पेन हातात तसंच राहिलं.

"यात किती होते?"

त्याने वहीच्या कोऱ्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"नव्हतेच, लोरे. टाकायचे राहिले."

ती पेल्याकडे बघत राहिली. फेस बसला होता.

"म्हणजे तू उगाच कमी करत बसलायस," ती म्हणाली. "पुढच्या वेळी दोन औंस टाक. पूर्वीसारखे."

"तुला कडू लागेल."

"लागेलच. निदान त्याला काही कारण तरी असेल."

तो लिहायला लागला. तिने हात पुढे करून वही मिटली.

"आधी स्वतःला ओत."

"ही? गोडमिट्ट झालीय."

"ओत."

त्याने दुसरा पेला आणला, भरला, एक घोट घेतला. लोरेटा खुर्ची ओढून त्याच्या जवळ सरकली.

"सांग ना," ती म्हणाली. "किती गोड?"