चौकोनी टीव्ही

थोरल्याने टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तिथल्या धुळीने त्याला सटासट शिंका आल्या.

"मागून पुसत नाहीस का गं कधी?"

"मागून कोण बघतंय त्याला?" आई म्हणाली. ती खुर्ची ओढून आधीच समोर बसली होती.

टीव्ही जुना, पोट सुटलेला. मागे तीन भोकं: पिवळं, पांढरं, लाल. नवा प्लेअर वहीसारखा पातळ, आणि त्याला यातलं एकही नाही, एकच चपटं तोंड. "या दोघांचं जमायचंच नाही, आई," असं सांगत थोरल्याने इतके दिवस वेळ मारून नेली होती. पण म्हातारी कसली ऐकतेय! स्वतः दुकानात गेली, प्लेअर आणला, वर मध्ये जोडायची डबीही घेऊन आली. आता पळणार कुठे?

डिस्कवर सहलीचं शूटिंग होतं. त्याच सहलीत धाकटा तलावात बुडाला. शूटिंग करणाऱ्या मित्राने डिस्क आईच्या हातात दिली आणि मग थोरल्याला फोन केला.

"उजव्या कडेला काठावर तू दिसतोस. मी काही कापलेलं नाही, आणि काकूंना काही सांगितलेलंही नाही. तुझं तू बघ."

थोरल्याने घरी सांगितलं होतं, मी तेव्हा गाडी घेऊन गॅरेजला गेलो होतो. कसलं गॅरेज नि कसलं काय! तो काठावरच होता. 'हिंमत असेल तर त्या खडकाला हात लावून ये,' हे त्यानेच भावाला म्हटलं होतं, कॅमेरा सुरू व्हायच्या आधी. आणि भाऊ गटांगळ्या खायला लागला तेव्हा उत्तम पोहता येणाऱ्या या माणसाचे पाय जागचे हलले नव्हते. आई ओरडली असती, घराबाहेर काढलं असतं, तर ते त्याने सोसलं असतं. पण आई तसलं काही करणारी नव्हती. ती रोज समोर जेवायला वाढणार आणि त्याच्याकडे बघणार नाही, याची त्याला भीती होती.

त्याने पिना रंगाला रंग बघून खोचल्या. पडदा नुसता निळा. त्याला आशा वाटली.

"नाही लागत बघ. मी म्हटलं नव्हतं?"

"रिमोटवर एव्ही दाब. दुकानदाराने सांगितलंय."

दाबलं. चित्र आलं, वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन.

"थांबव, थांबव! चष्मा आणते." आई गुडघ्यावर हात देत उठली आणि आतल्या खोलीत गेली.

थोरल्याने थांबवलेलं चित्र बघितलं. उजव्या कडेला तो स्वतः, खिशात हात घालून, अगदी डोक्यापासून पायापर्यंत. त्याने घाईघाईने प्लेअरची सेटिंग उघडली. 'पूर्ण चित्र' किंवा 'पडदा भरून'. त्याने दुसरं निवडलं. पट्ट्या गेल्या, चित्र फुगलं आणि दोन्ही बाजू टीव्हीच्या चौकोनाबाहेर पडल्या. तो दिसेनासा झाला. त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची शिसारीही आली.

"लागला?" आई चष्मा पुसत आली.

"लागला."

धाकटा गुडघाभर पाण्यात उभा होता. थंडीने अंगावर काटा, तरी दात काढतोय. मग त्याने उजवीकडे मान वळवली, जिथे आता नुसती टीव्हीची चौकट होती.

"ए दादा, बघ हं!"

आणि त्याने सूर मारला.

चित्र कापण्याच्या नादात थोरल्याला आवाजाचं भानच राहिलं नव्हतं.

आईने हात वर केला. त्याने थांबवलं.

"हाक कुणाला मारली रे त्याने?"

"नाववाला होता तिथे एक. त्याला असेल. तो काय, कंडक्टरलासुद्धा दादा म्हणायचा."

"म्हणायचा ना. दूधवाल्याला, कंडक्टरला, सगळ्यांना. पण 'अहो दादा' म्हणायचा. एकदा रिक्षावाल्याला अरे-तुरे केलं, तर माझ्या हातची थप्पड खाल्ली होती त्याने."

थोरला रिमोटची बटणं चाचपत राहिला.

"'ए दादा' फक्त तुला."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. आईने खुर्ची आणखी पुढे सरकवली. तिचा आवाज चढला नाही, नेहमीचाच होता.

"चालू कर. तू पाण्यात कधी उतरलास, तेवढं बघू दे मला."